अठरा ठोके

मार्लिस एंगेन सत्तेचाळिसाव्या वर्षी ट्रक चालवायला शिकली, हे तिच्या गावातल्या लोकांना अजूनही खरं वाटत नाही. उत्तर डाकोटातलं ते गाव एवढंसं. तिथल्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिने एकोणीस वर्षं काढली. दोनशे पोरांचं जेवण साडेअकराला तयार म्हणजे तयार, एक दिवस उशीर नाही. मग पोरं कमी होत गेली, शाळा शेजारच्या गावच्या शाळेत मिसळली आणि स्वयंपाकघराला कुलूप लागलं. त्याच वर्षी तिचा नवरा आर्लन, जन्मभर धान्याचे ट्रक हाकलेला माणूस, मधुमेहाने डोळ्यांनी अधू झाला आणि डॉक्टरने त्याला चालवायला कायमची बंदी केली. घरात दोन माणसं आणि दोघंही रिकामी. आर्लन खिडकीशी बसायचा आणि रस्त्यावरून ट्रक गेला की नुसत्या आवाजावरून तो कुठल्या गिअरमध्ये आहे ते सांगायचा. एकदा मार्लिस भांडी विसळता विसळता म्हणाली, "मीच चालवते की." आर्लन हसला नाही. तो हसला असता तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीतरी वेळा वाटलं.

परवाना मिळाला. पण परवाना म्हणजे नोकरी नव्हे. कंपनीची पद्धत अशी, की नव्या चालकाने पाच आठवडे जुन्या चालकाबरोबर एकाच ट्रकमध्ये राहायचं. तिथेच खायचं, तिथेच झोपायचं आणि त्याच्या देखत चालवायचं. शेवटी त्या जुन्याने कागदावर सही केली तर नव्याला स्वतःचा ट्रक. मार्लिसच्या पहिल्या प्रशिक्षकाने तिला तिसऱ्याच दिवशी परत आणून सोडलं. मागे घेताना तिने ट्रेलरचा कोपरा एका खांबाला घासला होता. दुसरा प्रशिक्षक म्हणजे शेवटची संधी. त्यानेही परत केलं तर बसचं तिकीट हातात देतात आणि मग दुसरी कुठली कंपनीही दारात उभं करत नाही.

हा दुसरा प्रशिक्षक म्हणजे जेनीव्हा कॉब.

स्पोकेनच्या डेपोत ते नाव निघालं तेव्हा कॉफीच्या यंत्राजवळची माणसं आपापल्या पेल्यांत बघू लागली. कचेरीतला ड्वेन, ज्याच्याकडे नव्या चालकांचे कागद असत, तो मान वर न करता म्हणाला, "बाई वाईट नाही हो. सोळा जण दिले तिला आजवर. पाच पास केले."

"आणि बाकीचे अकरा?"

"ते आता दुसरं काहीतरी करतात," ड्वेन म्हणाला.

जेनीव्हा चौसष्ट वर्षांची, अर्कान्सॉची, जेमतेम पाच फूट उंच. सीटवर उशी घेतल्याशिवाय तिला रस्ता दिसत नसे. पण तिच्या हातात कायम कुऱ्हाडीचा दांडा असायचा. पातं कधीच गेलेलं, नुसता दांडा, हाताळून काळा पडलेला. सगळे तिला 'दांडकेवाली' म्हणत, अर्थात ती ऐकण्याच्या टप्प्यात नसताना.

पहिल्या दिवशी तिने मार्लिसचा नमस्कारही धड घेतला नाही. दांडा तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "वाजव."

"काय वाजवू?"

"माझं डोकं! टायर वाजव, टायर. अठरा आहेत. हवा भरलेला टायर कसा बोलतो आणि मेलेला कसा बोलतो ते कानाला कळेपर्यंत वाजव. आणि प्रत्येक चाकाच्या मधे ही वाटी दिसते ना, हब, तिला हात लाव. तळहात नाही, माझे आई! तळहात भाजला तर स्टिअरिंग कशाने धरशील? उलटा हात. कोमट लागलं तर ठीक. चटका बसला तर तिथून एक इंच हलायचं नाही."

"पण मी सकाळीच सगळं तपासलंय, मिसेस कॉब."

"सकाळी काय होतं ते टायरच्या लक्षात राहत नाही," जेनीव्हा म्हणाली. "गाडी थांबली, मग दोन मिनिटं का असेना, तर परत निघण्याआधी फेरी. जो चालवणार त्याने मारायची. मुतायला उतरलीस तरी फेरी."

मार्लिस दिवसातून सहा-सहा, सात-सात वेळा फेरी मारू लागली. मार्चचा महिना, कडेला मळका बर्फ, हातमोजा काढून हबला हात लावला की बोटं बधिर व्हायची. इतर चालक कॉफीचे पेले घेऊन तिच्याकडे बघत निघून जायचे. एकाने तर टाळ्याही वाजवल्या. त्या अठरा ठोक्यांची तिला हळूहळू इतकी सवय झाली की दांडा आणि हात दोन्ही आपापले चालायचे. पण बाकी कशाचीच सवय होईना. जेनीव्हा शेजारच्या सीटवर बसायची आणि तिचा उजवा पाय सतत एका नसलेल्या ब्रेकवर दाबला जायचा. मार्लिसला रस्त्याआधी तो पाय दिसायचा. पाय दाबला गेला की तिचाही पाय ब्रेककडे जायचा, सैल पडला की मगच ती पुढे बघायची. आठशे मैल असे काढल्यावर माणसाला जेवण काय गोड लागणार! दुसऱ्या आठवड्यात तर एका विश्रांतिस्थळी तिला चक्क उलटी झाली. जेनीव्हाने पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाली, "चल, तोंड धू आणि फेरी मार."

बिलिंग्जमध्ये एका गोदामावर ट्रेलर मागे घ्यायचा होता. दोन्ही बाजूंना दुसरे ट्रक, मधे जेमतेम ट्रेलर मावेल एवढी फट. मार्लिसने चार वेळा प्रयत्न केला. जेनीव्हा खांद्यावर दांडा टाकून खाली उभी.

"आरशात काय बघतेस? केस विंचरायचेत का? उतर आणि बघ!"

मार्लिस उतरली, बघून आली, परत चढली.

"शाळेत बटाटे वाढायचीस ना? तिथं पोरं ओळीने तुझ्याकडे चालत यायची. गोदाम काही चालत येणार नाही. उतर आणि बघ!"

मागे तीन ट्रक थांबले होते. एकाने भोंगा दिला, मग दुसऱ्याने. मार्लिसच्या मानेवरून घाम उतरत होता. तेव्हा जेनीव्हाने जे केलं ते मार्लिस विसरली नाही. ती टुकूटुकू चालत त्या भोंगेवाल्याकडे गेली, त्याच्या पुढच्या टायरवर दांडा हाणला आणि ओरडली, "पुन्हा वाजवलास तर तुझ्याच कानात वाजवीन!" मग परत येऊन मार्लिसवर तितक्याच जोराने खेकसली, "आणि तू काय बघतेस? तुला रजा नाही दिली मी!" सातव्या वेळी ट्रेलर लागला. शाबासकी वगैरे काही नाही. मार्लिसने आईच्या पद्धतीने केलेल्या रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्या डब्यातून आणल्या होत्या, त्या तिने भीत भीत पुढे केल्या. "मला गोड खाऊ घालून सही मिळत नाही," जेनीव्हा म्हणाली आणि आपला सार्डिन माशांचा डबा उघडून खारी बिस्किटं खाऊ लागली.

आर्लनला मार्लिस रोज फोन करायची. "ओरडते का फार?" तो विचारायचा.

"ओरडते. पण गप्प बसते ना, तेव्हा जास्त भीती वाटते."

"पडदा ओढला का तिने?"

आर्लन जुना खेळाडू, त्याला बरोबर ठाऊक होतं कुठे दुखतं ते. ट्रकच्या केबिनमध्ये सीटच्या मागे एकावर एक दोन बिछाने असतात आणि मधे जाड पडदा. चौथ्या आठवड्यापासून नव्याने चालवायचं आणि प्रशिक्षकाने पडदा ओढून मागे झोपायचं, अशी रीत. प्रशिक्षक झोपला याचा अर्थ त्याने जीव तुमच्या हातात दिला. चौथा आठवडा संपला, पाचवा निम्मा गेला, तरी जेनीव्हाने पडद्याला हात लावला नव्हता. दिवसभर ती सीटवर आणि तिचा पाय त्या ब्रेकवर. मार्लिस दरवेळी आर्लनला एकच उत्तर द्यायची, "नाही." आणि शुक्रवारी स्पोकेनला कागद द्यायचा होता.

गुरुवारी सकाळी त्या दोघी मोंटानातल्या सेंट रीजिसला थांबल्या. ट्रेलरमध्ये गोठवलेल्या बटाट्याच्या फोडी होत्या, त्या दुसऱ्या दिवशी स्पोकेनला पोचवायच्या. पहाटेपासून जेनीव्हा चालवत होती. दोन दिवस ती खोकत होती आणि डोळे लाल झाले होते. ट्रक उभा केल्यावर ती थोडा वेळ नुसतीच स्टिअरिंगवर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "मी आडवी होते. तू चालव."

आणि तिने पडदा ओढला.

मार्लिस कॉफी आणायला गेली ती जवळजवळ धावतच. आर्लनला फोन करावा असं वाटलं, पण म्हटलं नको, दृष्ट लागायची. परत आली तेव्हा पडद्याआडून सुं सुं असा श्वास ऐकू येत होता. तिने सीटशेजारचा दांडा उचलला, खाली उतरली आणि पुढच्या टायरसमोर उभी राहिली. पुढचा टायर बरोबर बिछान्याच्या अंगाला. त्यावर ठोका पडला की सगळी केबिन घुमते, हे तिला पाच आठवड्यांत चांगलंच माहीत झालं होतं. दांडा उचलला तसा तिला तो लाल डोळ्यांचा चेहरा आठवला. मी चालवणार म्हणून आज पहिल्यांदा बाई झोपली आणि मीच उठवू? उठली की परत त्या सीटवर येऊन बसणार आणि पडदा काही पुन्हा ओढायची नाही. तिने दांडा खाली घेतला, पावलं न वाजवता वर चढली, दार हळूच लावलं आणि ट्रक रस्त्याला लावला.

हबला नुसता हात लावला असता तर त्याचा कुठे आवाज झाला असता? पण दांडा आणि हात ही तिच्या लेखी एकच गोष्ट झाली होती. एक सुटली तशी दुसरीही सुटली.

पहिले काही मैल फार सुखाचे गेले. शेजारची सीट रिकामी, तो पाय नाही, रस्ता ओला पण स्वच्छ. सेंट रीजिसपासून पश्चिमेला मैलाचे आकडे उतरत जातात. तेहेतीस, बत्तीस, एकतीस, आणि घाटमाथ्यावर शून्य. तिथे मोंटाना संपतं आणि पलीकडे आयडाहोत लांबच लांब उतार सुरू होतो. विसाव्या मैलाला मार्लिस मनातल्या मनात कागदावरची सहीसुद्धा बघत होती. सतराव्या मैलाला तिच्या मनात आलं, आपण फेरी मारली नाही.

तसं होतं काय त्यात? मिझुलाहून निघताना जेनीव्हाने स्वतः मारली होती, सगळं ठीक होतं. पण तिथून सेंट रीजिस सत्तर मैल. चौदा. आरशात ट्रेलर सरळ होता, धूर नाही, वास नाही. तेरा. 'सकाळी काय होतं ते टायरच्या लक्षात राहत नाही.' तिने आवाज ऐकायचा प्रयत्न केला, तर प्रत्येक आवाज वेगळाच वाटू लागला. खडखड आहे ती बटाट्यांची की चाकाची? बारा. अकरा. कडेला थांबावं, तर तिथे बर्फाचे ढीग, उभं राहायला जागा नाही. शिवाय थांबलं की ब्रेकचा फुस्स आवाज होणार, बाई उठणार आणि पहिलाच प्रश्न, का थांबलीस? काय सांगायचं? तळहात इतके घामेजले की तिने एकेक करून ते पँटला पुसले. सात. सहा. शेवटचा दिवस आहे, मार्लिस, शेवटचा. काही झालेलं नाही. उद्या सही आहे. चार. त्या सुं सुं श्वासाचा आवाज आता येत नव्हता, की इंजिनात ऐकू येत नव्हता, कोण जाणे. माथ्यावर ट्रकना थांबून ब्रेक तपासायला मोकळी जागा आहे. सक्ती नाही, नुसती पाटी आहे. पुढचे दोन ट्रक न थांबता पुढे गेले. त्यांच्यामागून सरळ निघून जावं असं तिला फार वाटलं, आणि तिने सिग्नल देऊन ट्रक आत घेतला.

ब्रेकचा फुस्स आवाज झाला. पडदा हलला नाही.

मार्लिस खाली उतरली. दांडा नेलाच नाही, नुसता उलटा हात लावत निघाली. उजव्या बाजूचे पाचही कोमट. मागून वळून डाव्या बाजूला आली आणि तिथल्या पहिल्याच, म्हणजे ट्रेलरच्या सगळ्यात मागच्या हबला हात लावताच तिने तो झटकन मागे घेतला. बोटांच्या मागची कातडी लाल झाली होती. चाकाच्या आतल्या बाजूने तेलाचे काळे ओघळ बाहेर पसरले होते आणि जळक्या तेलाचा वास येत होता. ती तिथेच उभी राहिली. मोठा उतार पुढेच होता.

"काय आहे?"

जेनीव्हा कोट खांद्यावर टाकून, बुटांचे बंद तसेच लोंबते ठेवून उभी होती.

"हे तापलंय. खूप."

जेनीव्हाने उलटा हात जवळ नेला, टेकवला नाही. वाकून ओघळ बघितले. मग पाच आठवड्यांत पहिल्यांदाच ती म्हणाली, "चांगलं पकडलंस."

आता मला सांगा, अशा वेळी कुणाचं तोंड उघडेल? मार्लिसचं नाही उघडलं. पाच आठवडे ज्या दोन शब्दांसाठी ती तहानली होती ते आता मिळाले होते, आणि तिला ते दोन शब्द त्या हबहून जास्त भाजत होते.

खालच्या वॉलेस गावाहून मेकॅनिक यायला दीड तास लागला. डेल्मर त्याचं नाव, जेनीव्हाच्या जुन्या ओळखीचा, दाढीत तंबाखू. चाकापाशी उकिडवा बसून त्याने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "शेवटचं गार कधी होतं हे?"

जेनीव्हाने मार्लिसकडे बघितलं.

"तुम्ही चालवत होता ना?" डेल्मर म्हणाला. "सेंट रीजिसला हात लावला असेल. तिथं गार असेल तर तेहेतीस मैल म्हणजे काही विशेष नाही. तेल अडवणारं सील गळतंय इतकंच. मी वरून तेल भरतो, तुम्ही हळूहळू बारा मैल खाली माझ्या गॅरेजला आणा, तिथं उघडू. दुपारपर्यंत मोकळे. पण त्याच्या आधीपासून तापत आलं असेल तर मग इथंच उघडावं लागेल, या थंडीत, आणि तुमचा दिवस गेला. काय होतं तिथं?"

'गार होतं.' दोन शब्द. दुपारपर्यंत मोकळे, उद्या स्पोकेन, सही, आणि आर्लनला फोन. ते दोन शब्द मार्लिसच्या जिभेवर अगदी येऊन बसले होते. तिने शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं काढली होती आणि एकदाही नासलेलं दूध पोरांपुढे ठेवलं नव्हतं, पण तिथे कुणी सही अडवून बसलेलं नसायचं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे मी हात लावलाच नाही. सेंट रीजिसला फेरी मारली नाही मी. मिसेस कॉब झोपल्या होत्या. दांडा वाजवला तर उठतील म्हणून." तिचा आवाज चिरकला. "ते कधीपासून तापतंय ते मला माहीत नाही."

डेल्मरने जेनीव्हाकडे बघितलं. जेनीव्हा ओरडली नाही. वळली, केबिनमध्ये चढली आणि दार लावून घेतलं.

"इथंच उघडतो मग," डेल्मर म्हणाला.

पुढचे तीन तास मार्लिस त्याला हत्यारं देत बर्फात उभी राहिली, कारण वर चढायची तिची छाती होत नव्हती. बसने घरी जायला किती वेळ लागतो याचा ती हिशेब करत होती. गावात कुणाला काय सांगायचं? आर्लन काही म्हणणार नाही, तेच तर वाईट. चाक निघालं, हब निघाला, आणि डेल्मरने आतलं बेअरिंग हातमोज्यात धरून तिच्यापुढे केलं. आतल्या गोल कांड्या जळून निळ्या पडल्या होत्या आणि एकीचे दोन तुकडे झाले होते.

"हे तेहेतीस मैलांचं काम नाही," तो म्हणाला. "माझ्या गॅरेजपर्यंत सोडा, तिसऱ्या वळणापर्यंतही चाक राहिलं नसतं. मी तेल भरून पाठवलं असतं तुम्हाला. बरं झालं बोललात."

त्याचा मदतनीस नवीन बेअरिंग खालून घेऊन येईपर्यंत दुपार उलटली. थंडी सहन होईना तेव्हा मार्लिस केबिनमध्ये चढली. जेनीव्हा चालकाच्या सीटवर बसली होती. मांडीवर तो कागद, हातात पेन. मार्लिस शेजारच्या सीटवर टेकली.

"दांड्याच्या आवाजाने मला जाग येत नाही," जेनीव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाली. "नवरा गेला तेव्हापासून मी ट्रकच्याच बिछान्यावर झोपते, बावीस वर्षं. बाहेर ठोके पडायला लागले की मला झोप लागते. अठरा झाले की मेल्यासारखी झोपते. नाही पडले, तर जाग येते."

मार्लिसने अर्धवट काढलेला हातमोजा पुन्हा चढवला.

"सेंट रीजिसपासून टक्क जागी होते मी."

"मग थांबवलं का नाहीत मला?" हे मार्लिस इतक्या मोठ्याने बोलली की तिची तीच दचकली. "पाच आठवडे माझ्या डोक्यावर बसलात! उतर आणि बघ, उतर आणि बघ! आणि नेमकं तेव्हा तोंड शिवून पडून राहिलात?"

जेनीव्हाने मान हलवली. खोकल्याची उबळ आली, ती जाऊ दिली.

"बरोबर आहे तुझं. म्हटलं, बघू तरी माथ्यावर थांबते का. नसतीस थांबली तर मी पडदा फाडून आले असते. पण तेहेतीस मैल, गाडी तपासलेली नाही हे माहीत असून, परीक्षा घेत पडून राहिले. काय अक्कल झाली ही? तू घाबरून चुकलीस. मी शहाणपणाने चुकले." तिने कागदावर दोन ओळी लिहिल्या, पेन जोरात दाबून, आणि कागद घडी घालून खिशात टाकला. "त्या वड्या संपल्या का सगळ्या?"

मार्लिसने डबा पुढे केला. जेनीव्हाने एक खाल्ली, मग दुसरी. "साखर कमी पडली आहे," ती म्हणाली आणि तिसरी घेतली.

चार वाजता डेल्मरने चाक बसवलं आणि हात पुसले. जेनीव्हा मागे गेली आणि तिने पडदा ओढला. मार्लिस दांडा घेऊन उतरली. पुढच्या टायरसमोर उभी राहिली आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर काढून तिने ठोका हाणला. केबिन घुमली. मग दुसरा, तिसरा. शेजारच्या ट्रकमधला माणूस काच खाली करून बघायला लागला, बघू दे. दहा हबांना उलटा हात, अठरा टायरांना दांडा. ती परत वर चढली तेव्हा पडद्याआड जेनीव्हा कॉब घोरत होती. सकाळचं ते सुं सुं नव्हे, चांगलं दणदणीत घोरणं. मार्लिसने डोळे पुसले, खालचा गिअर टाकला आणि ट्रक उतारावर घेतला.

शुक्रवारी स्पोकेनच्या कचेरीत ड्वेनने कागद उलगडला. खाली सही होती. सहीच्या वर दोन ओळी होत्या, त्या वाचून त्याने चष्मा काढला आणि पुन्हा लावला. 'फेरी: शिकाऊ चालकाने एकदा चुकवली, तिने स्वतःच सांगितलं. प्रशिक्षक जागी होती, तिने थांबवलं नाही.'

"हे काय लिहिलंय हिने!" तो हळू आवाजात म्हणाला. "अहो, हे तुमच्या नावावर कायम राहील. जाल तिथं लोक वाचतील. सही तर झालीच आहे. मी कोरा कागद देतो, तिच्याकडून नुसती सही परत घेऊन या. पहिली ओळ नको, दुसरी तर नकोच. तिलाही त्रास होईल याचा."

खिडकीबाहेर डेपोच्या आवारात जेनीव्हा आपल्या ट्रकची फेरी मारत होती. दांड्याचे ठोके आत ऐकू येत होते. मार्लिसच्या हातात पेन होतं आणि ओठ किंचित हलत होते.

"मार्लिस? देऊ का कोरा कागद?"

तिने बोट वर करून त्याला थांबवलं. अठरावा ठोका पडला, तशी तिने कागद आपल्याकडे ओढला आणि त्या दोन ओळींखाली, जेनीव्हाच्या सहीशेजारी, आपली सही केली.